वाचकांचे प्रश्न : पाड्यावरची माणसे आणि त्यांचे पोटपाणी

आदिवासी गावांची लोकसंख्या आणि तेथील लोकांची उपजीविका या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आली असली, तरी बहुतेकांची अडचण एकच आहे : सरकारी तक्त्यात दिसणारे गाव आणि डोळ्यांसमोरचे गाव यांचा मेळ बसत नाही. आमच्या मते तक्ता खोटा नसतो. तो वर्षाच्या एका विशिष्ट काळात, विशिष्ट व्याख्यांनुसार भरलेला असतो, आणि ज्या गावाचे जगणे ऋतूप्रमाणे बदलते त्या गावाला तो काळ आणि त्या व्याख्या नीट लागू पडत नाहीत. पुढील उत्तरे याच अंगाने वाचावीत.

प्रश्न : आमच्या गावाची 2011 च्या जनगणनेतील लोकसंख्या ग्रामपंचायतीच्या नोंदींपेक्षा बरीच कमी दिसते. गावात कोणती साथ आली नव्हती, की कोणी कायमचे गाव सोडले नव्हते. मग माणसे गेली कुठे? (एक शिक्षक, जव्हार तालुका, जिल्हा पालघर)

माणसे बहुधा वीटभट्टीवर गेली होती. 2011 च्या जनगणनेत प्रत्यक्ष शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली आणि 1 मार्चचा आरंभ हा संदर्भाचा क्षण मानला गेला. नियम असा होता की, या वीस दिवसांत जी व्यक्ती आपल्या नेहमीच्या राहत्या घरी थोडा काळ तरी होती किंवा परत येणार होती, तिची नोंद त्या घरी करायची. मात्र जी व्यक्ती हा संपूर्ण काळ बाहेर होती, तिची नोंद ती जिथे सापडेल तिथे करायची. शहरातल्या नोकरदार कुटुंबाच्या बाबतीत हा नियम अगदी रास्त आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यातल्या वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबांच्या बाबतीत मात्र त्याचा परिणाम वेगळा होतो, कारण भाताची कापणी-झोडणी आटोपली की दिवाळीनंतर ही कुटुंबे भिवंडी, वसई, पनवेल या भागांत भट्टीवर किंवा बांधकामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीत त्यांच्या घराला कुलूप असते, किंवा घरी केवळ म्हातारी माणसे आणि एखादे शाळेत जाणारे मूल असते. प्रगणकाने कर्तव्यात कसूर केली नाही असे धरले, तरीही त्या घरातली चार-पाच माणसे गावाच्या खात्यातून निघून भट्टीच्या गावाच्या खात्यात जमा होतात. भट्टीवरच्या झोपडीपर्यंत तिथला प्रगणक पोहोचलाच नसेल, तर ती कुठेच जमा होत नाहीत.

हे केवळ पालघरपुरते नाही. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा, नवापूर या तालुक्यांतली भिल्ल, पावरा, मावची, कोकणा कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे जातात. सुरगाणा-पेठची माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत असतात. गडचिरोलीतील अनेक गावांतून मिरची तोडायला तेलंगणात जाण्याचा हंगामही याच महिन्यांत येतो. सातपुड्यातील एक तपशील तर विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. तिथे बाहेर गेलेली माणसे होळीला शक्यतो घरी येतात, कारण होळी हा तिथला वर्षातला सर्वांत मोठा सण. 2011 साली होळी 19 मार्चला होती. म्हणजे गणती संपून तीन आठवडे होत नाहीत तोच गाव पुन्हा भरले, आणि ते भरलेले गाव कोणी मोजले नाही. आगामी जनगणनेचा संदर्भ दिनांकही 1 मार्च 2027 हाच आहे आणि त्या वर्षीची होळीसुद्धा मार्चच्या उत्तरार्धातच येते. त्यामुळे हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये.

यावर गावाने काय करावे, असे आपण पुढे विचारले आहे. गणतीच्या काळात कोणते कुटुंब कोणत्या तालुक्यात, कोणत्या प्रकारच्या कामावर गेले आहे याची यादी ग्रामसभेने आधीच तयार ठेवली, तर दोन गोष्टी साधतात. शिरगणतीच्या वीस दिवसांत जे थोड्या दिवसांसाठी तरी घरी येऊन जाणार आहेत त्यांची नोंद गावातच होते, आणि ज्यांची होऊ शकत नाही त्यांची संख्या किती हे गावाला स्वतःला ठाऊक राहते. घराला कुलूप दिसले म्हणजे ते रिकामे घर नव्हे, हे प्रगणकाला सांगणारे कोणीतरी त्या दिवशी पाड्यावर हजर असले पाहिजे.

ग्रामपंचायतीच्या आकड्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये, हेही नोंदवतो. शिधापत्रिकेत लग्न होऊन गेलेल्या मुलींची आणि मृत व्यक्तींची नावे कित्येक वर्षे राहतात, मतदार यादीत अठरा वर्षांखालील कोणी नसतेच, आणि अंगणवाडी सेविकेचे सर्वेक्षण लहान मुले व गरोदर-स्तनदा माता यांच्याबाबत विश्वासार्ह असते, पण इतरांबाबत तितकेसे नसते. गावाच्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायचा असेल तर आमची पहिली पसंती अंगणवाडीच्या वहीला राहील, कारण ती भरणारी बाई त्याच पाड्यावर राहते आणि कोणते घर कधी बंद असते हे तिला माहीत असते.

प्रश्न : आमच्या गावाच्या तक्त्यात पुरुषांपैकी बरेचसे ‘मुख्य कामगार’ आणि स्त्रियांपैकी बहुसंख्य ‘सीमांतिक कामगार’ किंवा ‘काम न करणाऱ्या’ असे दाखवले आहे. बायका आमच्याकडे पुरुषांहून अधिक राबतात. हा आकडा कसा समजून घ्यावा? (एक ग्रामपंचायत सदस्या, धडगाव तालुका, जिल्हा नंदुरबार)

सदस्या ताईंनी फार महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

जनगणनेत मागील वर्षभरात सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ काम केलेल्या व्यक्तीला मुख्य कामगार म्हणतात आणि सहा महिन्यांपेक्षा कमी काळ काम केलेल्या व्यक्तीला सीमांतिक कामगार. 2011 मध्ये या दुसऱ्या गटाचेही दोन भाग केले गेले : तीन ते सहा महिने काम केलेले आणि तीन महिन्यांहून कमी काम केलेले. काम म्हणजे आर्थिकदृष्ट्या उत्पादक काम, मग त्याचा मोबदला मिळो अथवा न मिळो. त्यामुळे स्वतःच्या शेतात विनावेतन राबणारी बाई या व्याख्येत बसते. शेती आणि दूध-उत्पादन केवळ घरच्या खाण्यापुरते असले तरी ते कामच धरले जाते. घरकाम, स्वयंपाक, मुलांचा सांभाळ, पाणी आणणे, घरच्या चुलीसाठी सरपण गोळा करणे ही कामे मात्र मोजली जात नाहीत.

आता सातपुड्याच्या डोंगरातल्या एका बाईचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. समजा, तिने ज्वारी-मका-उडदाच्या स्वतःच्या शेतात पेरणी, निंदणी आणि कापणी मिळून तीन महिने काम केले, दुसऱ्याच्या शेतात महिनाभर मजुरी केली, चैत्राच्या आसपास तीन-चार आठवडे मोहफुले वेचून विकली आणि आणखी दोनेक आठवडे इतर रानमेवा गोळा करून बाजारात नेला. बेरीज पाच महिन्यांच्या थोडी पुढे जाते, आणि ती ‘सीमांतिक’ ठरते. उरलेल्या वर्षभरात ती रोज उतारावरून झऱ्यापर्यंत जाऊन पाणी आणते, मोळी आणते, शेळ्या राखते आणि कोंड्याचा-भाकरीचा सगळा व्याप सांभाळते, त्यांपैकी बहुतेक गोष्टींचा तक्त्याशी संबंध नाही. शिवाय प्रगणक पुरुषाला विचारतो आणि पुरुष म्हणतो, ‘ती घरीच असते.’ तेवढ्या एका वाक्याने पाच महिन्यांचे कामही पुसले जाते आणि ती ‘काम न करणारी’ होते. चूक व्याख्येत आहे तशीच ती विचारण्याच्या पद्धतीतही आहे, आणि यातली दुसरी चूक गावाला स्वतःहून दुरुस्त करता येण्यासारखी आहे. प्रश्न त्या बाईलाच विचारला जावा आणि तो ‘तुम्ही काम करता का’ असा न विचारता एकेक महिना घेऊन विचारला जावा, असा आग्रह आपण सदस्या या नात्याने धरू शकता.

ऊसतोडीच्या मजुरीतही हीच अदृश्यता आहे. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात; मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्याच्या नावाने येते, आणि हिशेब बहुधा नवऱ्याशी होतो. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, पहाटे उठून भाकऱ्या थापते, आणि हंगाम संपल्यावर तिच्या स्वतःच्या नावावर एक रुपयाही लिहिलेला नसतो. वीटभट्टीवर आठवड्याला खर्चासाठी मिळणारी रक्कम, म्हणजे खर्चीसुद्धा, कुटुंबाची म्हणून दिली जाते. स्त्रियांचे काम मोजले जात नाही याची सुरुवात सरकारी तक्त्यापासून होत नाही, ती मुकादमाच्या वहीपासून होते, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाले आहेत आणि तेंदूपत्त्याची विक्री आम्ही स्वतः करतो. गावातले जवळपास प्रत्येक घर जंगलावर जगते. तरी जनगणनेच्या तक्त्यात जंगलावर जगणारे एकही कुटुंब का दिसत नाही? (एक पदवीधर तरुण, धानोरा तालुका, जिल्हा गडचिरोली)

कारण तक्त्यात तसा रकानाच नाही. गावपातळीवर कामगारांचे चारच वर्ग छापले जातात : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार आणि इतर कामगार. जो माणूस भाताचे शेत कसतो आणि तेंदू, मोह, डिंक, चारोळीही गोळा करतो, त्याचा अधिक काळ शेतीत गेला असेल तर तो शेतकरी म्हणून नोंदला जातो आणि त्याच्या उत्पन्नातला जंगलाचा वाटा नाहीसा होतो. जो केवळ वनोपजावर जगतो, तो ‘इतर’ या वर्गात जातो, आणि त्याच वर्गात गावातला शिक्षक, ट्रॅक्टरचा चालक, किराणा दुकानदार आणि वीटभट्टीवर जाणारा मजूरही असतो. त्यामुळे ‘इतर’चा आकडा मोठा दिसला की गावात नोकऱ्या वाढल्या असा निष्कर्ष जे अभ्यासक काढतात, त्यांनी तो जपून काढावा.

जंगलाचे उत्पन्न वर्षाच्या फार थोड्या दिवसांत दाटलेले असते, हे त्याचे खरे वैशिष्ट्य आहे. मोहफुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात आणि ऊन चढण्याआधी वेचावी लागतात. काही आठवड्यांत हंगाम संपतो. फुले वाळवून ठेवली तर पावसाळ्यात चांगला भाव येतो, पण ज्या घरात मीठ-तेलाची अडचण आहे ते घर ओली-सुकी फुले लगेच विकून टाकते. मोहफुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर असलेले निर्बंध राज्य शासनाने 2021 मध्ये उठवले. मात्र साठवून ठेवायला कोरडी जागा आणि हातात चार पैसे असल्याखेरीज त्या सवलतीचा लाभ गरीब घराला होत नाही. मोहाच्या फळांतील टोळ, म्हणजे बिया, त्यानंतर उन्हाळ्याच्या अखेरीस मिळतात आणि त्यांचे तेल घरातच वापरले जाते, म्हणून त्याची किंमत कोणत्याही हिशेबात धरली जात नाही.

तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात येतो आणि तोही जेमतेम दोन-तीन आठवडे चालतो. पहाटे घरातले सगळे जण पाने तोडायला जातात, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून देतात. एक हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. लहान हातांना पुडे बांधणे चांगले जमते, म्हणून मुलेही यात असतात, पण त्यांची नोंद कुठेही होत नाही. मजुरी आणि स्वामित्वधन या दोन वेगळ्या रकमा आहेत, हे या ठिकाणी स्पष्ट केले पाहिजे. मजुरी पुड्यांवर लगेच मिळते. स्वामित्वधन ही ग्रामसभेच्या मालकी हक्काची रक्कम असून ती नंतर येते, आणि ग्रामसभेने ती कशी वाटायची किंवा कोणत्या कामाला लावायची हे ठरवायचे असते. गावाच्या उपजीविकेचा हिशेब करताना पहिली रक्कम घराच्या उत्पन्नात धरावी आणि दुसरी गावाच्या. दोन्ही एकत्र केल्या की प्रत्येक घर आहे त्यापेक्षा सधन दिसू लागते.

आपल्याच तालुक्यातले लेखा-मेंढा या संदर्भात नेहमी आठवते. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत ते होते; तो हक्क 2009 मध्ये मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकारही ग्रामसभेला प्रत्यक्षात मिळाला. मेंढा हे काही शे लोकवस्तीचे गोंड गाव आहे. इतक्या लहान गावाने बांबूच्या विक्रीचा हिशेब ठेवला, कर भरले, कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा भाग) कधी तोडायचे आणि कधी राखायचे हे स्वतः ठरवले. जनगणनेच्या तक्त्यात मात्र हे गाव इतर कोणत्याही गावासारखेच चार वर्गांत विभागलेले दिसेल. म्हणून आपल्या ग्रामसभेने तेंदू, बांबू आणि मोह यांची स्वतःची नोंदवही ठेवणे हे केवळ चोख व्यवहारासाठी आवश्यक नाही. गाव कशावर जगते याचा तो एकमेव लेखी पुरावा असणार आहे.

प्रश्न : आमच्या गावाच्या तक्त्यात सहा वर्षांखालील मुलांमध्ये मुलींचे प्रमाण फार कमी दिसते. आमच्याकडे मुलगी नकोशी मानण्याची रीत नाही. यात काही गंभीर आहे का? (एक आशा स्वयंसेविका, जिल्हा नाशिक)

एकट्या गावाच्या आकड्यावरून तसे म्हणता येणार नाही. समजा, गावाची लोकसंख्या 300 आहे आणि त्यात सहा वर्षांपर्यंतची 24 मुले व 18 मुली आहेत. दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण 750 निघते आणि वाचणारा दचकतो. त्याच गावात तीन मुली अधिक जन्मल्या असत्या तर ते प्रमाण 875 झाले असते. तीन जन्मांचा फरक हा निव्वळ योगायोगही असू शकतो. म्हणून इतक्या लहान गावाचे लिंगगुणोत्तर तालुक्याच्या पातळीवर, किंवा निदान एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साऱ्या गावांचे मिळून पाहावे. देशपातळीवर पाहिले तर 2011 मध्ये अनुसूचित जमातींत दर हजार पुरुषांमागे 990 स्त्रिया होत्या आणि एकूण लोकसंख्येत 943. म्हणजे मुलगी नकोशी मानली जात नाही हे आपले निरीक्षण व्यापक चित्राशी जुळणारेच आहे.

एकाच गावाच्या साक्षरतेचे दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे का दिसतात, असेही आपण विचारले आहे. त्याचे उत्तर असे, की साक्षरतेचे प्रमाण सात वर्षे व त्यावरील व्यक्तींपुरतेच काढले जाते. वरच्याच गावात 42 लहान मुले वगळून 258 व्यक्ती उरतात. त्यांतल्या 155 साक्षर असतील तर प्रमाण 60 टक्के. एकूण 300 ने भागले तर ते सुमारे 52 टक्के येते, आणि आपल्याला दोन ठिकाणी दोन आकडे दिसले ते बहुधा यामुळेच. आदिवासी गावांत लहान मुलांचे प्रमाण अधिक असल्यामुळे ही गल्लत तिथे अधिक मोठा फरक पाडते. महाराष्ट्रात 2011 मध्ये एकूण साक्षरता 82.3 टक्के होती आणि अनुसूचित जमातींमध्ये 65.7 टक्के, ही तफावत मात्र योगायोगाची नाही.

प्रश्न : आमचा पाडा मूळ गावापासून डोंगरापलीकडे आहे, पण जनगणनेच्या यादीत त्याचे नावच नाही. असे का? (एक वाचक, शहापूर तालुका, जिल्हा ठाणे)

ग्रामीण भागात जनगणनेचा घटक महसुली गाव हा असतो. पाडे, वाड्या, वस्त्या यांची माणसे मोजली जातात, पण ती महसुली गावाच्या एकाच आकड्यात मिळवली जातात. मूळ गाव रस्त्यालगत असले आणि तिथे बिगर-आदिवासी वस्तीही असली, तर त्या एका आकड्यात पाड्याची गरिबी झाकली जाते : गावात नळ आहे, शाळा आहे, पक्का रस्ता आहे असे लिहिले जाते आणि डोंगरापलीकडच्या पाड्यालाही ते सगळे मिळाले असे कागदावर होते.

अनुसूचित क्षेत्रासाठी यावर एक मार्ग उपलब्ध आहे. 1996 च्या पेसा कायद्यात (अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल क्षेत्रातील पंचायतींचा कायदा), जी वस्ती आपल्या रूढी-परंपरेनुसार आपला कारभार करते तिला गाव मानलेले आहे, आणि महाराष्ट्राच्या 2014 च्या पेसा नियमांनुसार पाड्यातील मतदारांना स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची मागणी ठरावाद्वारे करता येते. असे झाल्यावर त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा होते. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून जो पाच टक्के अबंध निधी थेट दिला जातो, त्याचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात होते. त्यामुळे आपल्या पाड्याची स्वतंत्र आणि खरी लोकसंख्या ठाऊक असणे हा पैशाचाही प्रश्न आहे.

प्रश्न : आमच्याकडे बहुतेकांच्या नावे थोडीफार जमीन आहे, काहींना वनपट्टेही मिळाले. जमीन असूनही लोक दिवाळीनंतर गाव का सोडतात? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, साक्री तालुका, जिल्हा धुळे)

जमीन किती आहे यापेक्षा तिच्यावर किती महिने ओल राहते हे विचारले पाहिजे. वनहक्क कायद्याखाली 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेली, कमाल चार हेक्टरपर्यंतची वनजमीन मान्य होते. पण प्रत्यक्षात पट्टे बहुधा त्याहून पुष्कळ लहान असतात आणि ते उताराच्या मुरमाड जमिनीवर असतात. त्यात पावसावर नागली, वरई, भात, खुरासणी, उडीद असे एकच पीक निघते. घरचे धान्य काही महिने पुरते आणि शिधादुकानाचे धान्य जोडले तर पोट भरते, परंतु कापड, औषध, लग्नकार्य आणि मुलांचे शिक्षण यांसाठी रोकड लागते, आणि ती गावात निर्माण होत नाही. गणेशोत्सव-दिवाळीच्या सुमारास मुकादम किंवा भट्टीमालक उचल देतो, तेव्हा घरातली रोकड संपलेली असते. तो क्षण निवडूनच उचल दिली जाते. एकदा ती घेतली की पुढचे पाच-सहा महिने कुठे जायचे हे ठरून गेलेले असते, आणि हंगामअखेर हिशेबात काही अंगावर राहिले तर पुढचे वर्षही ठरून जाते. आदिवासी माणूस भटक्या स्वभावाचा असतो म्हणून जातो, असे म्हणणारे लेखन आजही वाचायला मिळते, ते आम्हाला अन्यायकारक वाटते.

वनपट्टा विकता येत नाही आणि तो पती-पत्नी दोघांच्या नावे असतो, या कायद्यातील दोन्ही तरतुदी मोलाच्या आहेत. मात्र पाण्यावाचून पट्टा हा हक्काचा कागद राहतो, त्याने स्थलांतर थांबत नाही. महाराष्ट्रात 1972 पासून सुरू झालेली आणि 1977 च्या कायद्याने हक्क म्हणून मान्य झालेली रोजगार हमी नेमकी याच पोकळीसाठी होती : गावातच काम, आणि त्या कामातून बांधबंदिस्ती व पाणी. ते काम दिवाळीनंतर लगेच सुरू झाले आणि मजुरी आठवड्याला हातात पडली, तर काही घरे नक्की थांबतात. मजुरी दोन-तीन महिन्यांनी खात्यावर आली तर कोणी थांबत नाही, कारण भट्टीवर खर्ची दर आठवड्याला मिळते.

आपल्याच तालुक्यातले बारीपाडा आपण पाहिले नसेल तर अवश्य पाहावे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने या गावाने 1990 च्या दशकापासून भोवतालचे जंगल स्वतःचे नियम करून राखले. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, नियम मोडणाऱ्याला दंड लावला. जंगल वाढले, त्याबरोबर विहिरींना पाणी टिकू लागले, दुसरे पीक आणि भाजीपाला घेता येऊ लागला, आणि कामासाठी बाहेर जाण्याची गरज कमी झाली. पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. आपण विद्यार्थिनी आहात, म्हणून एक सुचवतो : बारीपाड्यात गेल्यावर केवळ जंगल पाहून परतू नका. दिवाळीनंतर किती घरांना कुलूप असे आणि आता किती घरांना असते, हे तिथल्या वयस्क बायकांना विचारा.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेतील नववीच्या मुलांकडून त्यांच्या गावांचे सर्वेक्षण करून घ्यायचे आहे. प्रश्नावली कशी असावी? (एक शिक्षिका, जिल्हा अमरावती)

प्रश्नावली लहान असावी आणि ती महिन्यांच्या क्रमाने असावी. ‘तुमचा व्यवसाय काय’ असा प्रश्न विचारला तर मेळघाटातला प्रत्येक कोरकू गृहस्थ ‘शेती’ असेच उत्तर देईल आणि मुलांच्या हाती काही लागणार नाही. त्याऐवजी पेरणीपासून सुरुवात करावी : पेरणीच्या दिवसांत घरातले कोण काय करत होते, पोळ्याला कोण गावात होते, दिवाळीनंतर कोण कुठे गेले, होळीला कोण परत आले, मोह वेचायला कोण गेले. महिन्यांची इंग्रजी नावे घेण्यापेक्षा सण आणि शेतीची कामे घेऊन विचारले, तर वडीलधारी माणसे अचूक सांगतात. प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळी ओळ ठेवावी, लहान मुलांसाठीसुद्धा, कारण आई-वडिलांबरोबर परगावी गेलेल्या मुलाच्या शाळेचे किती महिने बुडाले हे त्यातूनच कळते.

पैशाचे प्रश्न मुलांनी विचारू नयेत. कोणी किती उचल घेतली, कोणाकडे किती देणे आहे हे शेजारच्या मुलाच्या वहीत लिहिले जाणे कोणत्याही कुटुंबाला अवघड वाटेल, आणि ते साहजिक आहे. घरांना नावांऐवजी क्रमांक द्यावेत. सर्वेक्षणापूर्वी ग्रामसभेत त्याचा उद्देश सांगून संमती घ्यावी. काम दिवाळीच्या सुटीत आणि पुन्हा उन्हाळी सुटीत असे दोनदा करावे, म्हणजे भरलेले गाव आणि रिकामे गाव अशी दोन्ही रूपे नोंदली जातील. तयार झालेली वही शाळेच्या कपाटात ठेवून देऊ नये. तिची एक प्रत ग्रामसभेकडे आणि एक अंगणवाडी सेविकेकडे द्यावी, आणि फेब्रुवारी 2027 मध्ये प्रगणक गावात येईल तेव्हा कुलूपबंद घरांची पाने त्याला उघडून दाखवावीत.